50 किलोचं कासव आणि बारा महिन्यांचं अंगण

या खेपेची पत्रं एकाच प्राण्याभोवती फिरतात: सुलकाटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, साहेलच्या पट्ट्यात राहणारं हे कासव मुख्य भूमीवरचं सर्वांत मोठं. याच्याहून मोठी कासवं म्हणजे गालापागोस आणि अल्दाब्रा, आणि ती दोन्ही बेटांवरची. पिल्लू तळहातावर मावतं. पूर्ण वाढलेला नर 40–50 किलोंवर सहज जातो. आलेल्या बहुतेक अडचणींचं मूळ दोन ठिकाणी सापडलं. एक तर कासवाच्या ताकदीचा अंदाज चुकला होता, नाहीतर रात्रीच्या तापमानाचा.

प्रश्न : कासव सात वर्षांचं, वजन 24 किलो. भोवती लोखंडी जाळीचं कुंपण आहे. दिवसभर त्याला नाक घासत फिरतं. दोनदा खांबासकट जाळी वाकवली. आणखी जाड जाळी घ्यावी का?

उत्तर : जाळी जाड केल्याने नाक जास्त सोलवटेल, एवढंच. आरपार दिसणारी वस्तू कासवाला अडथळा वाटतच नाही. पलीकडचं गवत दिसतं, म्हणून ते ढकलत राहतं. आधी साधा प्रयोग करा: जाळीच्या आतल्या बाजूने खालच्या 60 सेंमीला प्लाय किंवा पत्रा लावा. पलीकडचं दिसेनासं झालं की बहुतेक कासवं काही दिवसांत तो नाद सोडतात. पत्र्याची धार मात्र दुमडलेली हवी.

पक्कं काम करायचं तर 20 सेंमी रुंदीच्या पोकळ सिमेंट ब्लॉकची भिंत बांधा, जमिनीवर 60 सेंमी आणि जमिनीखाली 40 सेंमी. दर 80 सेंमीवर पोकळीत एक सळई उभी करून त्या पोकळ्या काँक्रीटने भरा. नुसते एकावर एक रचलेले ब्लॉक हे कासव खांद्याने रेटून सरकवतं, आणि तेही सावकाश, रोज थोडं थोडं, त्यामुळे भिंत पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन जागा नेहमी राहून जातात. पहिली फाटक. ते आरपार दिसणारं नको आणि आतल्या बाजूला उघडणारं हवं, म्हणजे कासवाने बाहेर रेटलं की ते चौकटीवर आणखी घट्ट बसतं. बाहेर उघडणारं फाटक फक्त कडीच्या जोरावर उभं असतं. दुसरी जागा कोपरा. भिंतीकडेने चालत आलेलं कासव कोपऱ्यात चढायला बघतं आणि पाठीवर उलटतं. भर उन्हात उलटलेलं कासव काही तासांत मरू शकतं. प्रत्येक कोपऱ्यात तिरकी फळी किंवा ब्लॉक टाकून काटकोन मोडून टाका. आवाराबद्दल सांगायचं तर एका मोठ्या सुलकाटाला 10 बाय 6 मीटरपेक्षा कमी जागा देऊ नये असं आमचं मत आहे. तीही त्याला अपुरी वाटेल.

प्रश्न : हिवाळ्यात रात्री पारा 5–6 अंशांपर्यंत उतरतो. प्लायचा खोका करून वर 250 वॅटचा तापदिवा टांगला आहे. एवढं पुरेल का? कासव 65 सेंमी लांब आहे.

उत्तर : दिवा आजच काढा. पिल्लाला वरून मिळणारी ऊब चालते, कारण दिव्याच्या झोतात त्याचं सगळं अंग येतं. 65 सेंमीच्या कासवाची पाठ जमिनीपासून 30–35 सेंमी वर असते, म्हणजे बुटक्या खोक्यात ती दिव्यापासून जेमतेम वीतभर राहते. पाठीचा मधला भाग भाजतो, पाय आणि पोट गारच राहतात. अंग गार आहे म्हणून कासव दिव्याखालून हलत नाही. वरच्या खवल्याखाली जिवंत हाड असतं. ते रोज थोडं थोडं सुकत जातं. काही महिन्यांनी पाठीवर फिकट, खरखरीत चकती दिसायला लागते, तोवर आतलं हाड मेलेलं असू शकतं. शिवाय पेंढ्यावर टांगलेला दिवा म्हणजे आगीला आमंत्रण.

मोठ्या कासवाला तापलेला दिवा नको, तापलेली हवा हवी. त्यासाठी ऊब धरून ठेवणारं बंद घर लागतं. 1.8 बाय 1.2 मीटरचा तळ आणि 60–65 सेंमी उंची एका कासवाला पुरते. भिंती, तळ आणि छत, सगळीकडे 12 मिमी प्लायचे दोन थर आणि मध्ये 40 मिमीचा फोमचा तक्ता. फोम कुठेही उघडा राहता कामा नये. कासव तो खातं, आणि आतड्यात अडकलेला फोम शस्त्रक्रियेशिवाय सहसा निघत नाही.

फोमला काटछाट करू नका. आत 26 आणि बाहेर 6 अंश असताना या मापाच्या नुसत्या एका प्लायच्या खोक्यातून सुमारे 600 वॅट उष्णता बाहेर जाते. फोम भरलेल्या खोक्यातून 100 ते 120. पहिल्या घरात हीटर अखंड चालतो आणि तरी पहाटे मागे पडतो. दुसऱ्यात तो अधूनमधूनच लागतो.

हीटर तेल भरलेल्या पन्हाळीचा घ्या, लहान, 600–700 वॅटचा. तो अरुंद भिंतीशी उभा करा आणि त्याच्यापुढे 10 सेंमी अंतर सोडून 5 सेंमी जाडीच्या लाकडी पट्ट्यांचा कठडा तळाला बोल्टने आवळा. खिळे पुरत नाहीत, कारण कासव रात्री त्याच कठड्याला पाठ लावून झोपणार. हीटरवर फिरवायच्या साध्या खुंट्या हव्यात. बटणांचा, आकडे दाखवणारा हीटर बाहेरच्या थर्मोस्टॅटने, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणाने, एकदा बंद केला की पुन्हा वीज आली तरी स्वतःहून सुरू होत नाही, आणि हे कळतं ते सकाळी. थर्मोस्टॅट 26 अंशांवर लावा. त्याची तापमान ओळखणारी तार (सेन्सर) हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात, कासवाच्या पाठीइतक्या उंचीवर, भोकं पाडलेल्या नळीत बसवा. छताशी बसवली तर वरची हवा तापते, हीटर बंद पडतो आणि खाली 18 अंशच राहतात. वायर नळीतून, कासवाच्या तोंडाला लागणार नाही एवढ्या उंचीवरून न्या. त्या जोडणीला गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच.

दार 55 सेंमी रुंद, 50 सेंमी उंच. त्यावर जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा, प्रत्येक पट्टी शेजारचीवर एक तृतीयांश चढलेली. पहिले काही दिवस कासव पडद्याला घाबरतं, म्हणून सुरुवातीला मधली पट्टी वर बांधून ठेवा. छत बिजागरीवर उघडणारं करा. आजारी कासव ओढायला दारातून पोटावर सरपटत आत जाण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. आत 20 लिटर पाण्याचं झाकणाला भोकं असलेलं पिंप कठड्यामागे ठेवलं, तर हवा कोरडी पडत नाही आणि वीज गेल्यावर ऊबही थोडी टिकते.

प्रश्न : वीज गेली तर? आमच्याकडे रात्र रात्र येत नाही.

उत्तर : मोठं कासव हळू गार होतं, त्यामुळे घाबरून त्याला उचलत बसू नका. दारावर फोम लावलेली फळी दाबून बसवा आणि 60 अंशांचं 20 लिटर पाणी डब्यांत भरून, पोतं गुंडाळून आत ठेवा. ते 25 अंशांपर्यंत उतरेपर्यंत साधारण 0.8 युनिट उष्णता देतं. वरच्यासारखं घर असेल तर सात तासांची सोय झाली. शेगडी, कोळसे, रॉकेलचा स्टोव्ह यांतलं काहीही आत ठेवू नका. बंद खोक्यात कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि कासव झोपेतच जातं.

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून ते खात नाही, कोपऱ्यात डोळे मिटून बसतं. शीतनिद्रेला गेलं असेल तर तसंच राहू द्यावं ना?

उत्तर : नाही. शीतनिद्रा भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या लहान कासवांची. सुलकाटाला, तसंच बिबट्या कासवाला आणि अल्दाब्राला ती येत नाही. तुम्हाला दिसतंय ते गारठलेलं कासव. त्याचं पचन थांबलं आहे. पोटातलं गवत न पचता कुजतं आणि गारठलेल्या अंगात प्रतिकारशक्तीही झोपलेली असते. पुढची पायरी नाकातून फेस, तोंड उघडून श्वास, मान लांब करून घरघर. तिथवर गोष्ट गेली असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.

अंदाजाने ठरवू नका. लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि संध्याकाळी मागचा पाय आणि कवच यांच्यामधल्या खोबणीत, उघड्या कातडीवर रोखा. पाठीवर मोजलेला आकडा फसवा असतो: तासभर ऊन लागलेलं कवच 35 दाखवेल आणि आतलं अंग 20 वरच असेल. खोबणीत 22 पेक्षा कमी आलं तर कासवाला थेट उबदार घरात घ्या. दिवसा स्वच्छ ऊन आणि 18–20 अंश हवा असेल तर पूर्ण वाढलेल्या कासवाला बाहेर सोडायला हरकत नाही, पण दुपारपर्यंत त्याचं अंग 30 च्या आसपास पोचलं पाहिजे. ढगाळ, गार दिवशी ते आतच बरं. आत असलेल्या दिवशी खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग धरू नका. काच अतिनील बी किरण अडवते, आणि त्यांच्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही.

प्रश्न : पावसाची झड आठवडाभर राहते तेव्हा काय करायचं? कासव चिखलात मजेत बसतं.

उत्तर : हवा उबदार असेल तर बसू द्या. ओलं आणि उबदार चालतं, कोरडं आणि गार एखादी रात्र चालतं. ओलं आणि गार एक रात्रही चालत नाही. बाकी काम उताराचं आहे. घराचा तळ जमिनीपासून 15 सेंमी वर घ्या, पुढे खडबडीत पृष्ठभागाचा रुंद उतार ठेवा आणि घरासमोरचा 2 मीटरचा पट्टा खडीऐवजी फरशीचा करा. खडी कासवं गिळतात. पोटाखालचं कवच आठवड्यातून एकदा बघा. खवल्यांच्या सांध्यात मऊ, दुर्गंधी येणारा डाग दिसला तर ती कवचाची कूज. प्राणी कोरड्यावर ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : त्याने भिंतीच्या पायाशी दीड मीटरचं बीळ पाडलं आहे. आत ऊब असते म्हणतात. मग हिवाळ्यात तिथेच राहू दिलं तर हीटरचा खर्च वाचेल का?

उत्तर : हा गैरसमज फार पसरला आहे, म्हणून जरा सविस्तर. बिळाला स्वतःची ऊब नसते. खोल जमिनीचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहतं. साहेलमध्ये ती सरासरी 28 अंशांच्या आसपास आहे, म्हणून तिथलं बीळ हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात थंड. तुमच्या जागेची सरासरी 16 असेल तर तुमचं बीळ 16 अंशांचं. वर दंव पडलेलं असताना 16 म्हणजे आपल्याला ऊब वाटते, कासवाला ती महिनोन्‌महिने चालणारी थंडी असते. तेव्हा बीळ हे उन्हाळ्याचं घर. हिवाळ्यात कासव बाहेर असल्याची डोळ्यांनी खात्री करून त्याचं तोंड बंद करा.

भिंतीखालचं बीळ मात्र आताच बुजवा. सुलकाटा 3 मीटर आणि त्याहून लांब खणतं, आणि खणायची सुरुवात हमखास एखाद्या टणक वस्तूच्या पायथ्याशी करतं, कारण वरचं छप्पर आयतं मिळतं. बुजवताना नुसती माती टाकली तर ते दोन दिवसांत पुन्हा काढेल. दगड आणि ओलं काँक्रीट भरा आणि भिंतीलगत आतून 60 सेंमी रुंदीचा फरशीचा पट्टा घाला.

मग त्याला तुमच्या पसंतीची जागा द्या, कोणत्याही पायापासून किमान 3 मीटर दूर आणि पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर. 3 मीटर लांबीचा, 1 मीटर रुंदीचा उतरता चर खणा आणि शेवटी 1.2 मीटर चौरस खोली ठेवा, म्हणजे त्याला आत वळता येईल. वळायला जागा नसेल तर ते उलट्या पावली बाहेर येतं आणि आजारी असेल तर येतच नाही. बाजूंना भरीव ब्लॉक, वर काँक्रीटच्या लाद्या, त्यावर 30 सेंमी माती. खोलीच्या टोकाला जमिनीपर्यंत येणारा उभा पाइप ठेवा; त्यातून हवा खेळते आणि थर्मामीटरही सोडता येतो. तोंडाशी पावसाचं पाणी अडवणारा बांध विसरू नका. आत बसलेल्या कासवाला मागचे पाय धरून किंवा दोरी बांधून ओढू नका: ते पाय रोवतं, कवच छताला टेकवतं आणि पाचर बसते.

प्रश्न : लघवीबरोबर पांढरं काहीतरी पडतं. कधी मलईसारखं, हल्ली वाळूसारखं. वाळवंटातल्या प्राण्याला पाणी कमीच द्यायचं ना?

उत्तर : पांढरं पडणं वाईट नाही. हे कासव टाकाऊ नायट्रोजन बराचसा यूरिक आम्लाच्या क्षारांच्या रूपाने बाहेर टाकतं. बोटांत घेऊन चोळा: मलईसारखं मऊ असेल तर ठीक, वाळूसारखं करकरलं तर शरीरात पाणी कमी आहे. असंच चालू राहिलं तर मूत्राशयात त्याचा खडा होतो. नारळाएवढे खडे कवच कापून काढावे लागतात.

वाळवंटातला प्राणी पाणी कमी पितो हा समज चुकीचा आहे. त्याला ते क्वचित मिळतं, म्हणून मिळालं की पोटभर पितो आणि मूत्राशयात साठवून ठेवतो. आवारात सिमेंटची उथळ परात करा, 120 बाय 90 सेंमी, मध्ये 12 सेंमी खोल, सगळीकडून सावकाश उतार, पृष्ठभाग खरखरीत. उभ्या कासवाच्या हनुवटीच्या वर पाणी जाता कामा नये; याला पोहता येत नाही. तळाला निचऱ्याची तोटी ठेवा, कारण पाण्यात बसलं की ते तिथेच घाण करतं आणि तेच पाणी पितं. पाणी रोज बदला. करकर चालू आहे तोवर दिवसाआड कोमट, साधारण 30 अंशांच्या पाण्यात अर्धा तास बसवा. उचलल्यावर घाबरून कासवाने लघवी केली तर साठवलेलं पाणी गेलं, म्हणून खाली ठेवताना परातीजवळच ठेवा.

खाण्याचा संबंध इथे थेट आहे. आहारात 80–90 टक्के गवत हवं: हिरवं मिळेल तेव्हा हिरवं, नाहीतर वाळलेलं, बुरशी नसलेलं, पाणी शिंपडून. हरळीसारखं चरायचं गवत आवारातच लावा. उरलेल्यात तुतीची आणि जास्वंदीची पानं, जास्वंदीची फुलं, काटे काढलेले फड्या निवडुंगाचे फड. फळं, डाळी, भात, पाव, कुत्र्या-मांजरांचं खाणं अजिबात नको. पाने-गवतावर कीटकनाशक मारलेलं नाही ना, हे देण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न : तीन वर्षांच्या कासवाच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे आले आहेत. प्रथिनं कमी केली, तरी वाढताहेत.

उत्तर : प्रथिनांवर बरीच वर्षं खापर फुटत आलं. 2003 साली व्हिएन्नातील पशुवैद्यक संशोधकांनी सुलकाटाची पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून पाहिली. फरक पडला तो मुख्यतः दमटपणाने. कोरड्या हवेत खवल्याची नवी कड वाळून खाली वळते आणि पुढची वाढ खालून येते, त्यामुळे खवला उंच होत जातो. तेव्हा घरात आर्द्रता वाढवा, पाठीवर रोज कोमट पाणी शिंपडा, वरचा दिवा असेल तर काढा. आलेले उंचवटे जाणार नाहीत, नवी वाढ मात्र सपाट येईल. कवचाला तेल, रंग, वॉर्निश काही लावू नका.

प्रश्न : एकटं राहतं म्हणून दुसरं आणावं का?

उत्तर : नको. त्याला एकटेपणा वाटत नाही. दोन नर गळ्याखाली पुढे आलेल्या कवचाच्या फाळाने एकमेकांना उलटवतात, आणि एक नर-एक मादी ठेवली तर मादीला दिवसभर धडका बसतात.

प्रश्न : मादी आठवडाभर खड्डे खणते आणि सोडून देते. खाणं बंद आहे. आमच्याकडे नर नाही.

उत्तर : नराशिवायही मादी अंडी घालते, फक्त ती फळत नाहीत. चार-पाच खड्डे करून सोडणं नेहमीचं. तिला 60 सेंमी खोल, भुसभुशीत, किंचित ओलसर मातीचा उन्हातला कोपरा करून द्या आणि तिकडे कोणी फिरकू नका. खणताना अडवलं तर ती जागा सोडते. एका खेपेत 15 ते 30 गोल अंडी होतात. खणणं थांबलं, अंडी दिसत नाहीत आणि ती मलूल झाली, तर एक्स-रे काढायला न्या. अंडं अडकलेलं असू शकतं. घरी औषध टोचू नका. अंडं मोठं किंवा वाकडं असेल तर जोर करवणारं इंजेक्शन आतलं फाडू शकतं.

प्रश्न : 45 किलोच्या कासवाला रोज संध्याकाळी घरात कसं न्यायचं?

उत्तर : उचलून नाहीच. खाणं दुपारनंतर घराच्या दाराशीच टाका. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कासवं ऊन उतरलं की आपणहून आत जातात. जे जात नाही, त्याच्या मागे 90 सेंमी रुंदीची फळी आडवी धरून चाला. कासव फळीला ढकलत नाही, तिच्यापासून वळतं, कारण तिच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. डॉक्टरकडे न्यायचं असेल तर बुटकी चाकांची गाडी आणि दोन माणसं. कवचाच्या कडा पुढून आणि मागून धरा, बाजूंनी नाही. बाजूने धरलं आणि त्याने पाय आत ओढला, तर कवच आणि पाय यांच्यात बोटं सापडतात, आणि ती त्याच्या मर्जीनेच सुटतात.